अंताने न बोलता बसवलेले ब्रेक

अंता गेल्याचा फोन नंदाने इस्पितळातून केला. नंदा म्हणजे त्याची मुलगी. "काका, बाबा गेले. दुपारी नेणार आहेत, या तुम्ही," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. आतून सुमन, माझी बायको, विचारत होती, कुणाचा फोन, अहो कुणाचा फोन… मी सांगितलं, अंता गेला. ती पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तरी रडून घ्या." मला रडू येत नव्हतं. मला संताप आला होता. गिरण्यांच्या संपापासून, म्हणजे तीस-बत्तीस वर्षं, मी या माणसाच्या तोंडून एका शब्दाची वाट बघत होतो. फार मोठा शब्द नव्हे, माझंच नाव. लहानपणापासून तो मला 'वश्या' म्हणायचा. ते त्याने संपात बंद केलं आणि मग तो मरून गेला. झालं. संपला विषय.

त्याच्यावर दोन पानं लिहून द्या असं ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं, वर बजावलं की जरा हृद्य होऊ द्या. गेलेल्या माणसावर कसं लिहितात ते मी रविवारच्या पेपरात वाचत असतोच. दिलदार, उमदा, हसतमुख, अजातशत्रू… मेल्यावर सगळेच अजातशत्रू होतात, जिवंतपणी यांच्या भांडणांनी जिने दणाणलेले असतात. अंता हसतमुख नव्हता. त्याला मी पोट धरून हसताना पाहिलं ते एकदाच, गिरणीतल्या आमच्या जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं, धोतर मशीनच्या पट्ट्यात अडकलं तेव्हा. दिलदार म्हणाल तर तोंड उघडलं की समोरच्याचा पाणउतारा केल्याशिवाय मिटायचं नाही. आणि अजातशत्रू कसला? त्याचा शत्रू मी. मी अजून जिवंत आहे आणि हे लिहितो आहे. हृद्य होईल की नाही मला माहीत नाही.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. दोघांचे बाप एकाच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, दोघांची गावं मालवणच्या बाजूला, मे महिन्यात एकाच बोटीने जायचो. अंता शाळेला कंटाळून नववीतून बाहेर पडला आणि गिरणीच्या मेकॅनिक खात्यात टर्नर झाला, लेथवर लोखंड कातणारा. मी मॅट्रिक होऊन त्याच गिरणीत टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा कारकून. या माझ्या कारकुनीचा त्याला भारी तिटकारा. "तुमचा बरा हा रे वश्या," म्हणायचा, "चुकला तर खोडरबर. आमचा चुकला तर बोट जाता." लेथवर बसला की त्याच्या हाताखाली लोखंड लोण्यासारखं उतरायचं, हे त्याचे शत्रूसुद्धा कबूल करतील, म्हणजे मी करतो. दुसऱ्याचं काम मात्र त्याला कधी आवडलं नाही. कुणी शाफ्ट करून आणला की हातात धरून डोळ्यासमोर फिरवायचा आणि विचारायचा, "ह्या मशीनवर केलंस की दातांनी?" गणपतीचं मखर, शेजाऱ्याने ठोकलेली फळी, वहिनींनी थापलेली भाकरी, कशालाच त्याने बरं म्हटलं नाही. भाकरी मात्र चार खायचा. वहिनी म्हणजे त्याची बायको शेवंता. त्या माउलीबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, कारण पुढची सगळी वर्षं आमच्या दोघांमधलं पोस्ट ऑफिस तीच झाली.

संप सुरू झाला तेव्हा आम्ही दोघंही बाहेर. गेटवरच्या सभांना जोडीने जायचो, जोडीने घोषणा द्यायचो. पहिले दोन-तीन महिने उत्साहात गेले, मग चाळ हळूहळू रिकामी व्हायला लागली. कोण गावाला गेला, कोणी दादरला भाजीची पाटी लावली, वहिनी मासळीचे डबे करून द्यायच्या. आठव्या महिन्यात मला गिरणीतून निरोप आला, कामावर ये, हेडक्लार्क करतो. मी गेलो. का गेलो ते स्वच्छ सांगतो, आता लपवून काय करायचं? मला भीती वाटली आणि हेडक्लार्क व्हायचंही होतं. चाळीत मात्र सांगितलं की आईचा दमा वाढलाय, औषधपाणी करायचं तर इलाज नाही. सकाळी जाळी लावलेल्या गाडीतून, पोलिसांच्या पहाऱ्यात आम्हाला आत नेलं. बाहेर ओरडा चालला होता, कुणी बांगड्या फेकल्या. अंता पुढेच उभा होता. तो ओरडला नाही. मापात न बसलेल्या शाफ्टकडे बघायचा तसा माझ्याकडे बघत राहिला, बस. संध्याकाळी मी घरी आलो, तो गॅलरीत उभा. मी म्हटलं, "अंता, अरे आईची तब्येत…" त्याने माझ्याकडे पाठ केली आणि आत वहिनींना हाक मारून म्हणाला, "सायबाक सांग, तेंची आई हयसर बसान बांगडे साफ करता हा." खरंच करत होती. माझी ठणठणीत आई, अंताच्या खोलीत पाटावर बसून, वहिनींना डब्याच्या कामात मदत करत होती. दमा वगैरे काही नव्हता. म्हातारी नव्वद वर्षं जगली.

तेव्हापासून मी 'सायब' झालो. पोटासाठी आत गेलेले आमच्या चाळीत आणखीही होते. बऱ्याच जणांशी अंता दोन-चार वर्षांनी बोलायला लागला, एकाच्या मुलीच्या लग्नात तर वाढपी म्हणून राबला. माझ्याशी नाही. भुकेला त्याच्याकडे माफी असावी, आईच्या दम्याला नव्हती. बोलायचं झालं तर वहिनींमार्फत. "सायबाक सांग, नळाचा पाणी जाता हा." "सायबाक सांग, तेंचा पत्र आमच्यात इला." मी दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो, सगळं मला ऐकू येत असायचं, तरी वहिनी वळून मला पुन्हा सांगायच्या, "भावजी, नळाचं पाणी जातंय." मीही त्यांनाच उत्तर द्यायचो. आता आठवलं तरी हसू येतं, पण तेव्हा यात कुणालाही काही हसण्यासारखं वाटत नव्हतं.

एवढं करून मिळवलं काय? गिरणी रखडत चालली आणि काही वर्षांनी कायमची बंद झाली. हेडक्लार्कची खुर्ची, टेबल, हजेरीची पुस्तकं, सगळं भंगारात. मोठे साहेब मुंबई सोडून निघाले तेव्हा मला बोलावून म्हणाले, "तू निष्ठेने राहिलास, ही गाडी घेऊन जा, नाहीतर गंजेल." गाडी म्हणजे ती जुनी, पाठीचा फुगवटा असलेली छोटी गाडी, जिला सगळी मुंबई 'डुक्कर' म्हणायची. गोल दिवे, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, फिक्कट हिरवा रंग. मी ती घेतली. नको म्हणावं असं मनात आलं होतं, पण हौस आडवी आली. चाळीच्या कोपऱ्यावर ती उभी राहिली त्या दिवशीच पोरांनी तिचं नाव ठेवलं, 'बक्षीस'. "वसंतकाका, बक्षीस पुसलं का आज?" असं विचारायचे कार्टे. मी गिरगावात एका ऑफिसात हिशेबनीस म्हणून लागलो आणि रविवारी आईला, सुमनला बसवून त्या गाडीतून चौपाटीवर जायला लागलो. अंता तोवर चिंचपोकळीच्या पुलाच्या खाली, उतार संपतो तिथे, पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज काढून बसला होता. गिरणीची मशिनं भंगारात गेली त्यातला एक लेथ त्याने उचलून आणला होता. काम एकच, ब्रेक. टॅक्सीवाले रांग लावायचे. त्याने ब्रेक केलेली गाडी पुलाच्या उतारावर तो स्वतः चालवून बघितल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही. मी दर रविवारी त्याच्या शेडसमोरून 'बक्षीस' घेऊन जायचो. त्याने कधी मान वर केली नाही.

गिरणी बंद पडली त्या वर्षी मी एकदा त्याच्या दारात गेलो होतो. तो आरशासमोर दाढी करत होता. मी म्हटलं, "अंता, चुकलं माझं. आईचं खोटं सांगितलं, तेही चुकलं." आरशात आमची नजरानजर झाली असेल, नसेल… त्याने वस्तरा पाण्यात बुडवला आणि वहिनींना म्हणाला, "दार लाव गो, वारो येता." वहिनींनी दार लावलं नाही. मीच ओढून घेतलं.

मग तो रविवार. चिंचपोकळीच्या पुलावरून मी उतरत होतो, शेजारी सुमन, मागे आई. उतारावर ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं. त्या जुन्या गाड्यांना चारी चाकांना मिळून ऑइलची एकच लाइन. एक रबरी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ड्रमचे ब्रेक मुळातच बेताचे, आता तेही नाहीत. हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला, हॉर्न तर वाजतच होता. खाली एक बाई कडेवर पोर घेऊन रस्ता ओलांडत होती. मी गाडी डावीकडे काढली, केळ्यांची हातगाडी उडवली, आणि फुटपाथच्या दगडावर चाक आपटून डुक्कर थांबलं. त्या बाईपासून दोन वितीवर. बाई रस्त्यातच मटकन खाली बसली. पोर रडत होतं, आई मागच्या सीटवर 'देवा रवळनाथा' करत होती, केळेवाला माझ्या खानदानाचा उद्धार करत होता. अंता शेडमधून धावत आला. त्याने आधी त्या बाईला उठवलं, पाणी दिलं, पोराला उचलून बघितलं. मग गाडीखाली वाकला, फुटलेली नळी बोटाने चाचपली आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, गाडीलाच म्हणाला, "तुजी काय चूक नाय गो बाये." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तेव्हा मला काय वाटलं असेल? की निदान शिवी तरी देईल. नावाने देईल.

रात्री जेवणाच्या वेळी वहिनींनी निरोप आणला. "भावजी, हे म्हणतात, गाडी शेडमध्ये लावा. ब्रेक बदलल्याशिवाय रस्त्यावर काढलीत तर टायर फाडतील." त्याचे गिरणीतले दोस्त त्याच्यावर तुटून पडले. संप फोडणाऱ्याची गाडी तू करणार? अंताने उत्तर दिलं ते साऱ्या लालबागमध्ये फिरलं, "गाडयेन संप फोडूक नाय."

पाच आठवडे गाडी त्याच्याकडे होती. जुन्या नळ्या बदलून भागलं असतं, दुसऱ्या कुणीही तेवढंच केलं असतं आणि दिली असती गाडी ताब्यात. अंताला ते मंजूर नव्हतं. नव्या छोट्या गाड्या तेव्हा मुंबईत उदंड झाल्या होत्या, त्यांना पुढे डिस्कचे ब्रेक असायचे. अपघातात चेपलेल्या तसल्या एका गाडीच्या डिस्क त्याने भंगारवाल्याकडून आणल्या. त्या या म्हातारीला कशा बसाव्यात? भोकं जुळत नव्हती, माप जुळत नव्हतं, पकड धरणारा भाग टेकवायला जागा नव्हती. त्याने पोलादी पाट्यातून ब्रॅकेट कापली, गिरणीच्या त्याच लेथवर चाकाचा मधला हब उतरवला, बसवून चाक फिरवलं, केसभर डुगडुगलं तर काढून फेकून दिलं आणि पुन्हा नवीन केलं. असं दोनदा. ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा लावला, म्हणजे पुढची लाइन फुटली तरी मागची धरेल. हे सगळं मी रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना शेडच्या बाहेर उभं राहून बघायचो. तो आत, मी बाहेर. मधे रस्त्याची मोरी. टॅक्सीवाल्यांशी तो तासतासभर बोलायचा, त्यांच्या युनियनला शिव्या घालायचा, सरकारला घालायचा, गिरणीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या टॉवरकडे बघून थुंकायचा. मी आलो की गप्प. मीही निर्लज्जासारखा रोज जात होतो, हे मला मान्य आहे.

शेवटचं काम ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायचं. याला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी बारीक निपल उघडायची, बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर पडलं की बंद करायची, मग वरच्याने पाय सोडायचा. खालचा हाक देतो आणि वरचा ऐकतो, त्याशिवाय होतच नाही. त्या दिवशी शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांच्या गुडघ्याने पेडल दाबवेना. अंताने पाना हातात घेतला आणि म्हणाला, "सायबाक सांग, पेडलवर बस म्हणान. पान्याचो एक ठोको, दाबून धरूचा. दोन ठोके, सोडूचा." मी बसलो. तो खाली आडवा झाला. टक्. मी दाबलं. टक्-टक्. सोडलं. मागची दोन चाकं झाली, पुढचं डावं झालं. आम्ही दोघांनी तीन चाकांची हवा एक अक्षर न बोलता काढली. जगाच्या पाठीवर एवढी गाढवं दुसरीकडे कुठे नसतील.

उरलं माझ्या पायाखालचं, पुढचं उजवं चाक. आणि शेजारच्या मंडळाने ढोलाचा सराव सुरू केला. कान फुटायची वेळ आली. ठोके ऐकू येईनात, मी भलत्याच वेळी दाबू लागलो. एकदा, दोनदा, तीनदा… आणि खालून अंताचा आवाज आला, "दाब!" मी दाबलं. "धर, धर!" अकरा वर्षांनी. मधे वहिनी नाहीत, सायब नाही, मला, थेट मला सांगत होता. माझ्या डोळ्यांसमोर सगळं पाणी झालं आणि मी, पन्नाशीला टेकलेला बाप्या, पाय काढून घेतला. निपल उघडी होती. सुर्र करून सगळी हवा परत आत गेली. अंता गाडीखालून ओरडला, "पाय कित्याक काढलंस मेल्या! हातापायात जोर नाय तर बसलंस कित्याक!" एवढी सुंदर शिवी मला कुणी दिली नव्हती. मी खिडकीतून वाकून म्हटलं, "अंता…" ढोल वाजतच होते. मग तो सरपटत बाहेर आला, ऑइलने माखलेला. त्याने माझ्या दारावर, माझ्या कोपरापाशी, पाना आपटला. एक ठोका, जोरात, ढोलातूनही ऐकू येईल असा. वहिनींना म्हणाला, "सायबाक सांग, जल्मात एकदा तरी जोर लावन धर." मी धरलं. चारही चाकं पुन्हा पहिल्यापासून केली. मग त्याने एकट्याने गाडी पुलावर नेली, उतारावर तीनदा थांबवली, आणि किल्ली वहिनींच्या हातात ठेवून हात धुवायला गेला.

पुढे त्या गाडीचे दिवस पालटले. डुकराला लोक 'क्लासिक' म्हणायला लागले. मलबार हिलवरचा एक हौशी तरुण माझ्यामागे लागला, काका, ही आमच्या रॅलीत आणा. गाडी बघायला आला, चाकाआड वाकला आणि तोंड वाकडं केलं. डिस्क? अरेरे, हे ओरिजिनल नाही, याने किंमत जाते, काढून जुने ड्रम लावून घ्या. मी त्याला अंताकडे नेलं. मुद्दाम नेलं. अंताने त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी चालवायची की पुजायची?" तो म्हणाला, रॅलीत दोन-तीन किलोमीटरच जाते हो, हळू. "मग ढकलत ने," अंता म्हणाला, "ओरिजिनल माणसं लाव ढकलायला." तो पोरगा हसला, त्याला वाटलं म्हातारा विनोदी आहे. माझ्याकडे वळून म्हणाला, मालक तुम्ही आहात ना, तुम्ही ठरवा. त्यावर अंता म्हणाला, "ह्यांका विचारू नको. ह्यांका ब्रेकातला काय कळता?" आता हे वाक्य तुम्हाला अपमान वाटेल. मी ते घरी येऊन सुमनला दोनदा सांगितलं, कारण त्यात 'सायब' नव्हतं. ती म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय.

शेवटी त्याला परळच्या एका इस्पितळात ठेवलं होतं. छातीत पाणी. मी भेटायच्या वेळेत गेलो. वहिनी खाली औषध आणायला गेल्या होत्या, म्हणजे मधे बोलायला कोणीच नव्हतं. मी स्टुलावर बसलो. तो छताकडे बघत होता. हात चादरीवर, नखांत तेव्हाही काळं. मी म्हटलं, पेडल अजून कडक आहे, थेंबभर ऑइल कमी झालेलं नाही. तो डोळे मिटून ऐकत होता असं मला वाटलं. बरंच काही बोलायचं ठरवून गेलो होतो, तोंडातून निघालं ते ब्रेकचंच. मग नर्स सलाइन बघायला आली. अंता तिला म्हणाला, "सिस्टर, ह्यांना सांगा, भेटायची वेळ संपली." अजून वीस मिनिटं होती. नर्सने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, बिचारी गोंधळली. मी उठलो. दाराशी जाऊन वळून पाहिलं तर तो नर्सला सलाइनची नळी नीट लावली नाही म्हणून बोलत होता.

तो गेल्यावर पंधरवड्याने चाळीच्या पटांगणात शोकसभा ठरली. आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, नंदा कपडे घड्या करत होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "नंदा, खरं सांग. शेवटी माझं नाव घेतलं का ग त्याने? वश्या म्हणाला का एकदा तरी?" वहिनींनी पटकन नंदाकडे बघितलं. हो म्हणायला काय लागत होतं तिला? पुरावा मागायला कोण जाणार होतं? सत्तरी उलटलेला म्हातारा, रात्री शांत झोपला असता. नंदाने हातातली घडी पुरी केली. "नाही काका," म्हणाली. "आईने विचारलं होतं त्यांना, वसंताला बोलवू का म्हणून. मान हलवली. नको म्हणाले." वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. नंदा म्हणाली, "चहा टाकते," आणि उठली. मी चहा घेतला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण त्या पोरीचा अभिमानही वाटला. बापाच्या तोंडी तिने खोटा शब्द घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत मात्र तेच झालं. वॉर्डातला एक कार्यकर्ता, पांढरे कपडे, कपाळाला टिळा, संपाच्या वेळी हा जन्मालाही आला नसेल, माइक धरून सांगायला लागला. अनंतरावांचं मन किती मोठं बघा, संपात दुरावलेल्या मित्राला त्यांनी पोटाशी धरलं, झालं गेलं विसरून त्याची गाडी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून दिली, ही आपल्या गिरणगावाची संस्कृती… आणि माझ्याकडे हात केला. लोक वळून माझ्याकडे बघून मान डोलवत होते. दोन बायका तर डोळे पुसत होत्या. मला सगळं आयतं मिळत होतं. नुसतं खाली बघून हात जोडायचे होते.

मी उभा राहिलो. म्हटलं, "खोटं आहे." माइक नव्हता, पण लोकांना ऐकू गेलं. "अंताने मला माफ केलेलं नाही. जाळीच्या गाडीतून आत गेलो त्या दिवसापासून मरेपर्यंत, ब्रेकची एक हाक सोडली तर, तो माझ्याशी बोलला नाही. ब्रेक त्याने माझ्यासाठी बसवले नाहीत, रस्त्यावर पोर घेऊन चालणाऱ्या बाईसाठी बसवले. मी आईच्या आजाराचं खोटं सांगून कामावर गेलो होतो. त्याला ते कधी चाललं नाही, आणि त्याचं बरोबर होतं. माफी त्याची होती. त्याने ती दिली नाही. तुम्ही कोण वाटणारे?" एवढंच बोललो. कार्यकर्ता "ठीक आहे, ठीक आहे, भावना अनावर झाल्यात" असं काहीतरी पुटपुटला आणि त्याने पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं. सुमनने माझा सदरा ओढून मला खाली बसवलं.

सभा संपली. शेवटच्या रांगेत आमच्या गिरणीतले चार म्हातारे बसले होते, अंताबरोबर गेटवर उभे राहिलेले. ते अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. एकाच्या हातात काठी, एकाला दिसत नाही धड, एकमेकांना धरून ते पटांगणाच्या दाराकडे निघाले. दार अरुंद, तिथे मीच उभा होतो. मला वाटलं, आता हे थांबतील. आता, एवढं भर सभेत बोलल्यावर, कोणीतरी मान तरी हलवेल. चौघेही माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि पुढच्याने मागे वळून, कुणालाही न उद्देशून, म्हटलं, "वाट सोडायला सांगा."

मी बाजूला झालो.